आकाश वगळून रेवदंडा

शुक्रवार, रात्र

पावसाळ्यात रेवदंड्याला फोटो काढायला चाललोय म्हटल्यावर घरातून दोन प्रश्न आले. मासे मिळतील का, आणि कॅमेरा भिजणार नाही का? पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, आणि आम्ही निघालो होतो जुलैच्या ऐन मध्यावर. आम्ही म्हणजे मी आणि माझी भाची. तिची बारावी झाली आहे, कॉलेज सुरू व्हायला वेळ आहे, आणि छत्री धरायला कुणीतरी हवं होतं. हे मी तिला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. तिने त्याबद्दल मानधन मागितलं, तेही ठरलं.

गेल्या पावसाळ्यात मी असाच किल्ले हिंडून आलो होतो. आल्यावर संगणकावर फोटो उघडले तर निम्मे फोटो वरून अर्धे पांढरे. पावसाळी आकाश डोळ्यांना राखाडी, ढगाळ, छान वाटतं, कॅमेऱ्याला मात्र तो नुसता कोरा कागद दिसतो. त्या कागदाला सांभाळायला गेलं की खालचा किल्ला काळाठिक्कर पडतो, आणि किल्ल्याला सांभाळलं की कागद आणखी पांढरा. म्हणून या वेळी एक नियम केला: चौकटीत आकाश घ्यायचं नाही. भिंत, जमीन, पाणी, माणसं, जे काय असेल ते क्षितिजाच्या खालचं.

बाकी तयारी साधी. एकच लेन्स, ३५ मि.मी., म्हणजे पावसात लेन्स बदलायची भानगड नको. कॅमेऱ्याला हॉटेलातली शॉवर कॅप आणि दोन रबर बँड. पावसाळी कव्हर म्हणून हजारो रुपयांना मिळतात त्यांपेक्षा ती बरी चालते, हे अनुभवाने सांगतो. सुती फडकी सात. सिलिका जेलच्या पुड्या, ज्या मी बुटांच्या खोक्यांतून वर्षभर जमवतो आणि घरातली मंडळी वर्षभर फेकून देतात.

शनिवार

गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँची पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो बोट तेवढी चालू, तीही समुद्राची मर्जी असेल तर. सकाळी मर्जी होती. तासाभराचा प्रवास. पाणी दुधाळ चहाच्या रंगाचं, आणि डेकवर उभं राहायचा हट्ट धरलेले आम्ही दोघंच. बाकीचे शहाणे आत बसून वेफर्स खात होते. मी कॅमेरा काढलाच नाही. समुद्रावर क्षितिज वगळून फोटो काढायचा म्हणजे बोटीच्या लोखंडाचा काढायचा.

मांडव्याहून अलिबागला रिक्षा, अलिबाग स्टँडवरून रेवदंड्याची एसटी. वाटेत आक्षी लागतं. इथल्या शिलालेखावर शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असा काळ वाचला गेला आहे, आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखाचा मान त्याला की श्रवणबेळगोळच्या ओळीला, यावर जाणकारांचं अजून चालूच असतं. मी तो एकदा उन्हाळ्यात पाहिला आहे. त्यावर एक गाढवही कोरलेलं आहे, दान मोडणाऱ्याला शिवी म्हणून. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती खिडकीची काच पुसत म्हणाली, "म्हणजे मराठीतलं पहिलं लिहिलेलं वाक्य शिवीवर संपतं?" मी म्हटलं, जवळजवळ.

नागाव गेलं, चौल गेलं. दोन्ही बाजूंना सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या, इतक्या दाट की सकाळी अकराला एसटीतले दिवे लावावे लागले असते, जळत असते तर. मग रस्ता एकदम एका काळ्या भिंतीला भोक पाडून आत शिरला. हाच रेवदंड्याचा तट. किल्ला बघायला जायचं म्हणजे डोंगर चढायचा ही सवय असलेल्यांना इथे गंमत वाटते. एसटी किल्ल्यात जाते. पोस्ट, शाळा, किराणा, देवळं, सगळं तटाच्या आत. गावातल्या लोकांनाही त्याचं काही नाही. आम्ही कंडक्टरला "किल्ल्यापाशी उतरायचंय" म्हटलं तर त्याने विचारलं, "कंच्या टोकाला?"

उतरलो त्या काकूंचं घरही आतच, मंगलोरी कौलांचं, मागे वाडी. एसीची खोली हवी का म्हणून त्यांनी विचारलं, मी घाईघाईने नको म्हणालो. यात काटकसर नव्हती. एसीतून गार झालेला कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत काढला की काचेवर आतून-बाहेरून धुकं धरतं आणि पाऊण तास जात नाही. कॅमेरा पडवीत, हवेशीर जागी ठेवायचा. काकूंना हे पटलं. म्हणाल्या, "लोणच्याच्या बरणीला पन तसंच."

जेवायला वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी, सोलकढी. ओली मासळी नाही म्हणून काकू तीनदा ओशाळल्या. "चिवन्या होत्या पंधरा दिवसांआधी, तवा यायचं." चिवणी म्हणजे पहिल्या पावसात खाडीत गाबोळीने भरून येणारा मासा. अलिबागकडच्या माणसाचा त्यावर इतका जीव की तो चुकला की पावसाळा फुकट गेला. आमचा गेला होता.

दुपारभर पाऊस एका लयीत पडत राहिला आणि आम्ही तटाच्या कडेने हिंडलो.

नियमाचा फायदा पहिल्या तासातच कळला. कोरड्या दिवसात हा दगड करडा, धुळकट, एकसारखा दिसतो. भिजल्यावर प्रत्येक चिरा वेगळा होतो. काळ्या बेसॉल्टवर पाणी उतरताना चिऱ्यांच्या सांध्यांतला चुना पांढरा उठून येतो. जिथे मागाहून डागडुजी झाली तिथला दगड लहान, सांधे वेडेवाकडे, हेही स्पष्ट दिसतं. पावसात भिंत वाचता येते. आकाशाच्या निळाईवर उभा बुरूज दाखवणाऱ्या फोटोत यातलं काही येत नाही. त्या फोटोंवर माझा राग नाही, मीही पन्नासेक काढले आहेत, पण ते सगळे एकाच किल्ल्याचे वाटतात.

दगड काळा असला की कॅमेरा बिचारा समजतो की अंधार आहे, आणि उजेड वाढवून भिंत राखाडी करून टाकतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, एक पायरी खाली. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर बसवायची चमक कापणारी काच, लावला तर पानांवरची चमक जाते आणि हिरवा रंग खोल होतो, पण उजेड दीड-दोन पायऱ्या खातो, आणि झाडीत उजेड होताच कुठे. शेवटी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, १६०० वर नेऊन ठेवला आणि विसरलो. पावसाच्या धारा दिसायला हव्या असतील तर मागे गडद काहीतरी हवं आणि शटर १/६० सेकंदाच्या आसपास. १/५०० वर पाऊस ठिपक्यांचा होतो, डास आल्यासारखा. भाचीने चुकून फोनचा फ्लॅश लावून एक काढला, त्यात जवळचे थेंब पांढऱ्या गोट्यांसारखे आले आणि मागे मी भूत. तो तिने घरच्या ग्रुपवर लगेच टाकला.

दरवाज्याच्या कमानीखाली आठ-दहा शेळ्या पावसापासून उभ्या होत्या. एकीच्या पाठीवर वरच्या दगडातून एक थेंब ठरावीक वेळाने पडत होता आणि प्रत्येक वेळी ती तेवढीच दचकत होती. मी तिथे वीस मिनिटं घालवली. हा दरवाजा ज्यांनी बांधला त्या पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने इथे किल्ल्याचं काम काढलं. आधी व्यापाराची वखार होती, मग "जरा बंदोबस्त हवा" म्हणत म्हणत हा सगळा तट. पुढे १५७० मध्ये त्याच निजामशाहीला, मुर्तजा निजामशहाला, तो काढून घ्यावासा वाटला तेव्हा प्रचंड फौज घेऊनही महिनोन्महिने वेढा घालून हात हलवत परत जावं लागलं. भाडेकरूला पोटमाळा काढू दिला की काय होतं, ते आमच्या गिरगावातल्या कुठल्याही घरमालकाने निजामशहाला सांगितलं असतं.

सातखणी बुरुजाकडे जायची वाट वाड्यांतून आहे. वाट म्हणजे त्या दिवशी ओढाच होता. घोटाभर पाणी, त्यात सुपारीची गळलेली झापं, आणि कुठल्या तरी घरातला रेडिओ. फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चचा हा मनोरा. नाव सातखणी, पण मोजायला गेलं तर सात खण आता भरत नाहीत, वरचे पडले. पायथ्याशी तोफा लोळत पडल्या आहेत. माझा नियम मला इथे नडला. मनोरा म्हटला की आकाश आलंच. झाडीतून वर घुसलेला तो उंच काळा चौकोन, मागे कोरा कागद. बराच वेळ मान वर करून उभा राहिलो, चष्म्यावर पाणी घेत. मग तोफेच्या तोंडात साठलेल्या पाण्यात तो दिसतोय का ते पाहायला गुडघ्यावर बसलो. दिसत होता, पण थेंब पडून पडून मोडत होता. अठरा वेळा प्रयत्न केला. भाची छत्री माझ्यावर धरून स्वतः भिजत होती, आणि मानधन वाढवून मागत होती.

"तुला दिसतोय तेवढा बास नाही का?" असंही म्हणाली. मी उत्तर दिलं नाही, कारण एकोणिसावा चालू होता.

दुपार कलताना पाऊस जरा थांबला तेव्हा शाळेच्या आवारातलं निकितिनचं स्मारक बघून आलो. कोकणातल्या शाळेत एका रशियन माणसाचं स्मारक का, तर अफनासी निकितिन नावाचा त्व्हेर शहरातला व्यापारी १४६९ च्या सुमाराला होर्मुझकडून समुद्रमार्गे याच चौल बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये, म्हणजे त्याच्याही तिसेक वर्षं आधी. निकितिनने लिहून ठेवलं आहे की इथे लोक उघड्या अंगाने हिंडतात, बायका केसांची वेणी घालतात, आणि तो जाईल तिथे गोरा माणूस बघायला लोक मागे मागे येतात. इथून तो जुन्नरला गेला आणि पावसाळ्यात अडकला. बर्फातून आलेल्या त्या माणसाने पावसाळ्याला हिवाळाच म्हटलंय, पण असा हिवाळा की चार महिने रात्रंदिवस नुसतं पाणी आणि चिखल. पाचशे-साडेपाचशे वर्षांत या वाक्यात दुरुस्ती करावी असं काही घडलेलं नाही. माझे बूट तेव्हा त्याची साक्ष देत होते.

"आणि आला कशाला होता?" भाचीने विचारलं.

"घोडा विकायला. इकडे घोड्यांना भाव चांगला म्हणून एक घोडा घेऊन आला होता, बोटीतून."

"एकच?"

"एकच. जुन्नरच्या सुभेदाराने तो काढूनही घेतला त्याच्याकडून, मुसलमान हो म्हणाला, मग घोडा देतो."

"मग?"

"कुणीतरी मध्ये पडलं, घोडा परत मिळाला."

"आणि पुढे त्या घोड्याचं काय झालं?"

ते मला तेव्हा आठवेना. तिला ते आवडलं नाही. इतकी शतकं, लढाया आणि तह मी तिला दिवसभर ऐकवले होते, आणि तिने विचारलेल्या एका गोष्टीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

गावात बेने इस्रायलींचं सिनेगॉगही आहे. आम्ही गेलो तेव्हा शनिवारच होता, आणि मला त्यांचं जुनं नाव आठवलं, शनवार तेली. तेलाचे घाणे चालवणारी ही ज्यू मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून. बरेचसे इस्रायलला गेले, तिकडे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही काढलं. रेवदंडेकर आडनावाचं कुणीतरी आत्ता तिकडच्या उन्हात बसलं असेल. आम्ही कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्यांचा एक फोटो काढला आणि निघालो.

संध्याकाळी किनारा. वाळू काळी, समुद्र मातकट, समोर खाडीच्या तोंडापलीकडे कोर्लईचा डोंगर पावसात येत-जात होता. हे कुंडलिकेचं मुख. १५०८ च्या मार्चमध्ये इथे मोठी आरमारी लढाई झाली. इजिप्तचं मामलुक आरमार आणि दीवचा मलिक अयाझ एका बाजूला, पोर्तुगीज दुसऱ्या. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा इथेच मारला गेला. त्याचं जहाज मागे हटताना मच्छीमारांनी जाळ्यांसाठी पाण्यात रोवलेल्या खांबांत अडकलं आणि निघेना. तोफेच्या गोळ्याने पाय मोडल्यावर तो डोलकाठीशी खुर्चीवर बसून लढत राहिला म्हणतात. बापाने पुढच्या वर्षी दीवला त्याचा सूड घेतला, आणि त्या लढाईने पुढची बरीच दशकं या समुद्रावर कुणाची सत्ता चालणार ते ठरवून टाकलं.

भाचीने एवढ्यातून एकच उचललं. "म्हणजे कोळ्यांच्या खांबांनी धरलं त्याला."

इतिहासाच्या पुस्तकांत ते खांब तळटिपेत असतात. ते कुणी रोवले होते, त्या दिवशी त्यांच्या जाळ्यांचं काय झालं, आणि भरपाई कुणाकडे मागायची, हे त्यांत नाही.

उजेड सातलाच गेला. रात्री पडवीत बसून लेन्स पुसली. बेडूक इतके ओरडत होते की काकूंशी बोलताना आवाज चढवावा लागला. वीज गेली, आली, गेली.

रविवार

सकाळी साडेसहाची मुरूडकडची एसटी पकडली. साळावचा पूल ओलांडताना खाडी दुथडी भरलेली, आणि कोर्लईच्या आधी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या ओळीने. निळं प्लास्टिक, त्यावर नारळाची झापं, त्यावर दोऱ्या. बंदीच्या दिवसांत होड्या अशा गुरफटून झोपलेल्या असतात. एका होडीच्या सावलीत दोघं जाळं विणत बसले होते. फोटो काढू का विचारलं. एकजण म्हणाला, "काढा, पन चेहरा नको, घरच्यास्नी सांगितलंय कामावर गेलोय म्हनून." म्हणून हातांचे काढले. सबंध सफरीतला मला सगळ्यात आवडलेला फोटो तोच आहे. डाव्या हाताच्या अंगठ्याला दोरा गुंडाळलेला, आणि नखाजवळ जुनी जखम. आकाश नाही.

कोर्लईचा किल्ला समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर आहे. दीपगृहापासून पायऱ्या चढतात. पंधरा-वीस मिनिटांची चढण, पण पायऱ्यांवर शेवाळ होतं, आणि वर पोहोचलो तेव्हा वाऱ्याने छत्री पहिल्या झटक्यात उलटी करून टाकली. तिच्या दोन काड्या तिथेच गेल्या. त्यानंतर भाचीकडे काही काम उरलं नाही आणि ती पुढे पळाली.

वर किल्ला म्हणजे लांबट, अरुंद पट्टी. एकामागून एक आडव्या भिंती आणि दरवाजे. एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, समोर रेवदंड्याच्या नारळांची काळी रेघ. हा डोंगर आधी निजामशाहीच्या ताब्यात. रेवदंड्याच्या अगदी तोंडावर वैऱ्याच्या तोफा असणं पोर्तुगीजांना परवडणारं नव्हतं, म्हणून १५९४ मध्ये त्यांनी तो लढून घेतला. मोरो द चौल हे त्यांनी ठेवलेलं नाव. रेवदंडा आणि कोर्लई ही खाडीच्या दारची दोन कुलपं. नकाशावर हे कळतं, पण पावसात भिजत वर उभं राहून समोरचा किनारा किती जवळ आहे ते बघितलं की जास्त कळतं.

आणि इथे नियम मोडला. मोडावाच लागला. त्या सोंडेवर आकाशाशिवाय दुसरं काही नव्हतंच. ढग खाली उतरून भिंतीवर बसले होते. दहा पावलांवरची तोफ दिसे, वीस पावलांवरची भिंत पुसट, आणि त्यापलीकडे काहीच नाही. काल ज्याला कोरा कागद म्हणून शिव्या घातल्या तो आज आपण होऊन पुढे आला होता. मी एक्स्पोजर एक पायरी वर नेलं, सगळं पांढरं होऊ दिलं, आणि तोफेपासून सुरू होऊन नाहीशी होणारी भिंत काढली. छतं उडालेल्या चर्चच्या आत उभं राहून आणखी दोन काढले. तिसऱ्याला लेन्सवर एक मोठा थेंब आला. पुसायला गेलो तर सातही फडकी ओली. शर्ट ओला. भाचीची ओढणी ओली. मग आम्ही दोघं त्या चर्चच्या भिंतीच्या आडोशाला उभे राहून वाट बघत बसलो, कशाची ते सांगता येणार नाही, कारण तिथे काहीच वाळणार नव्हतं.

उतरून गावात आलो तेव्हा चर्चमधून लोक बाहेर पडत होते. मिस्सा मराठीतून झाली होती. पण पायऱ्यांवर दोन म्हाताऱ्या एकमेकींशी बोलत होत्या ती भाषा मराठी नव्हती. सूर मात्र अगदी आपल्याकडचा, चढउतार ओळखीचे, शब्द एकही नाही. लांब उभं राहून ऐकताना असं वाटत होतं की आत्ता कळेल, आत्ता कळेल. या भाषेला ते 'नो लिंग' म्हणतात, आपली भाषा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, आणि पुढच्या वर्षी तहात चौल-रेवदंडा नि कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज निघून गेले, इथले ख्रिस्ती शेतकरी राहिले, आणि त्यांच्या तोंडची पोर्तुगीज राहिली. बाहेरून नवीन पोर्तुगीज येईना, भोवती सगळी मराठी. मग शब्द बरेचसे तिकडचे राहिले आणि वाक्याची घडण इकडची होत गेली, क्रियापद शेवटी, आपल्यासारखं. हजारभर माणसांची ही बोली आज इथे बोलली जाते. किल्ल्याला तोफा होत्या, तट होते, तो पडला. या बोलीला काहीच संरक्षण नव्हतं.

त्या दोघींचा फोटो काढावा असं फार वाटलं. विचारलंही. एकीने मान हलवून नाही म्हटलं, आणि मग शुद्ध रायगडी मराठीत विचारलं, "चहा घ्याल काय, भिजलाव नुसते." घेतला. गवती चहाचा, गुळाचा.

परतीच्या वाटेत चौलला उतरलो. जुन्या ग्रीक प्रवाशांचं सेमिल्ला, कान्हेरीच्या लेखांतलं चेमुल, अरबांचं सैमूर. अल-मसुदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे येऊन गेला. दोन हजार वर्षांचं बंदर आज एक शांत गाव आहे, वाड्यांमागे वाड्या, आणि तीनशे साठ देवळं नि तीनशे साठ तळी असं गावकरी सांगतात. मोजायला आमच्याकडे वेळ नव्हता. एका वाडीत हमामखान्याचे घुमट शेवाळात बुडलेले दिसले, आत जाणाऱ्या वाटेवर पाणी होतं, परत फिरलो.

रामेश्वराच्या देवळात मात्र तासभर थांबलो. समोरची पुष्करणी काठोकाठ, दीपमाळा भिजून काळ्या. आत सभामंडपाच्या फरसबंदीत कुंडं आहेत, पर्जन्यकुंड, वायुकुंड, अग्निकुंड. दगड लावून बंद केलेली. अवर्षण पडलं तर पर्जन्यकुंड उघडून पूजा करायची, मग पाऊस येतो, अशी परंपरा.

भाची त्या दगडाकडे बराच वेळ बघत होती. मग तिथे बसलेल्या गुरवकाकांना तिने अगदी अदबीने विचारलं, "काका, थांबवायचा असेल तर कुठलं उघडायचं?"

त्यांनी पुष्करणीकडे बघितलं, आमच्या कपड्यांकडे बघितलं. "त्याला गणपती यायला लागतात," म्हणाले.

अलिबागला पोहोचलो तेव्हा कळलं, समुद्र खवळल्याने संध्याकाळची बोट रद्द. म्हणजे एसटी, कार्लेखिंड, पोयनाड, वडखळ, पेण. दीड तास नुसते वडखळला उभे होतो. गाडीत सगळ्यांच्या पिशव्यांतून सुकटीचा वास येत होता, आमच्याही, कारण निघताना काकूंनी सोडे बांधून दिले होते.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो चाळले. तीनशे अकरा. धुकं धरलेले, हललेले, थेंब पडलेले वगळले तर चाळीस. तोफेच्या तोंडातल्या पाण्यातला सातखणी एकोणिसांपैकी एकातही नीट आलेला नाही. कॅमेऱ्याचं मागचं चाक आता फिरत नव्हतं, आत पाणी गेलं असावं. दुरुस्तीचा अंदाज मनात करत होतो तेवढ्यात फोनला रेंज आली, आणि मी निकितिन शोधला.

"घोडा विकला त्याने," मी भाचीला म्हटलं. "बिदरला. वर्षभर सांभाळला, चारापाण्यावर खर्च केला, आणि मग विकला."

"एवढ्या लांबून आणून, एवढ्या पावसातून ओढत नेऊन?"

"हो."

तिने माझ्या मांडीवरच्या, शॉवर कॅप घातलेल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"मामा, बिदरला एसटी कुठून मिळते?"